टॅक्सीच्या बॉनेटखाली शर्यतीचे घराणे

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे निवृत्त झाली. वृत्तपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले, चित्रकारांनी चित्रे काढली. तिच्या बॉनेटखाली जे यंत्र होते, त्याविषयी मात्र फारसे कुणी लिहिले नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, शहाड, उल्हासनगर या पट्ट्यात आजही कित्येक व्यापारी घरांच्या आवारात, गोदामाच्या कोपऱ्यात किंवा पत्र्याच्या शेडखाली आजोबांच्या काळातील फियाट अथवा पद्मिनी उभी असते. घरातील तरुण पिढीपैकी कुणाला तरी ती पुन्हा चालती करावीशी वाटते आणि नुसती चालती नव्हे, तर जरा जोमाने धावणारी. अशा वेळी वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “टॅक्सीच्या इंजिनात असे काय आहे, की त्यावर एवढा खर्च करायचा?”

या प्रश्नाचे उत्तर इटलीत सापडते. १९३७ साली फियाट कंपनीने आपल्या ५०८-सी या मोटारीत एक नवे इंजिन बसवले. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी स्वतः हिशेब करून पाहावा: एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२ घनसेंटिमीटर येते आणि चारांचे मिळून १०८९. मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या तोंडी असलेली ‘इलेव्हन हंड्रेड’ ती हीच. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, व्हॉल्व्ह हेडमध्ये वरच्या बाजूला, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि ती फिरवणारी साखळी. त्या काळच्या मध्यमवर्गीय मोटारीसाठी ही रचना पुढारलेली होती. मुख्य म्हणजे, मूळ गरजेपेक्षा तिच्यात ताकदीची शिल्लक अधिक ठेवलेली होती.

ही शिल्लक इतरांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. दुसरे महायुद्ध संपताच तुरीनचे उद्योगपती पिएरो दुझिओ यांनी ‘चिसितालिया’ या नावाने शर्यतीच्या मोटारी बांधण्यास प्रारंभ केला. युद्धाने होरपळलेल्या इटलीत खास शर्यतीचे इंजिन ओतण्याइतका पैसा आणि धातू कुणापाशी होता? त्यांनी फियाटचे हेच १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन घेतले. तेलाची व्यवस्था बदलली, दाब वाढवला, कार्ब्युरेटर व कॅमशाफ्ट बदलले आणि कौटुंबिक मोटारीच्या तीस-पस्तीस अश्वशक्तीच्या जागी साठच्या आसपास अश्वशक्ती मिळवली. १९४७ च्या ‘मिल्ले मिलिया’ या हजार मैलांच्या विख्यात शर्यतीत वृद्धत्वाकडे झुकलेल्या आणि प्रकृतीने खचलेल्या ताझिओ नुवोलारी यांनी अशाच एका छोट्या चिसितालियात बसून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या मोटारींना मागे टाकले. वाटेत मुसळधार पाऊस लागला, प्रज्वलनाच्या यंत्रणेत पाणी शिरले, आणि तरीही ते दुसरे आले. त्याच घराण्यातील चिसितालिया २०२ ही मोटार न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे १९७२ साली आपल्या कायम संग्रहात घेतली. फ्रान्समध्ये आमेदे गॉर्दिनी यांनीही याच कुळातील इंजिनांवर आपल्या शर्यतीच्या मोटारी उभ्या केल्या. खुद्द फियाटने १९५३ साली ‘तुरिस्मो व्हेलोचे’, म्हणजे वेगवान प्रवासाची, अशी आवृत्ती काढली. तिच्यात साध्या मोटारीची ३६ अश्वशक्ती वाढवून सुमारे ५० केली होती. घनफळ तेच, १०८९.

संग्रहालयात ठेवलेल्या त्या मोटारीचे आणि दादर स्थानकाबाहेर मीटर पाडून उभ्या असलेल्या टॅक्सीचे कूळ एकच होते. घरातील मुलाने हे सांगितले, तर वडीलधाऱ्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये.

हे इंजिन आपल्याकडे आले, तो इतिहासही जैन व्यापारी समाजाच्या जवळचा आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद दोशी हे घरच्या कापूस व सावकारीच्या व्यवसायात न रमता रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी अशी तिन्ही क्षेत्रे त्यांनी परकीय सत्तेच्या नापसंतीला तोंड देत उघडली. मोटारीच्या कारखान्यासाठी त्यांना सरकारी साहाय्य मिळाले नाही. तरी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. प्रारंभी अमेरिकन मालट्रक व मोटारी, आणि १९५१ पासून फियाटशी करार. त्या वेळी मुंबईत परदेशी कंपन्यांचे जुळणीचे कारखाने होते. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि येथे बोल्ट आवळले जायचे. १९५३ साली सरकारने जकात मंडळाच्या शिफारशी स्वीकारून, जो येथे प्रत्यक्ष उत्पादन करील त्यालाच थारा, असे धोरण आखले. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. वालचंद त्याच वर्षी निवर्तले, परंतु त्यांची कंपनी टिकली आणि क्रमाक्रमाने ब्लॉक, क्रँकशाफ्ट, गिअर येथेच घडू लागले. करार संपल्यावर मोटारीचे नाव प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाले. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-डोंबिवली परिसरात होता. नव्वदच्या दशकात तेथे फ्रेंच प्यूजो मोटारीही बनत असत.

त्या कारखान्यांमुळे या परिसरात नुसते कामगार नव्हे, तर एक हुन्नर वस्तीला आला. बोअरिंग करणारा, क्रँक ग्राइंड करणारा, व्हॉल्व्ह सीट बसवणारा, बिडाला टाके घालणारा अशी माणसे कल्याण, उल्हासनगर, भिवंडी येथे छोट्या गाळ्यांतून आजही सापडतात. त्यांच्यापैकी बरेच जण आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले संगणकाच्या जुळणीवर चालणाऱ्या मोटारींकडे वळली, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण घरातील जुने इंजिन काढायचे असेल, तर ते पुढच्या दहा वर्षांत नव्हे, आताच काढावे, हे सांगण्यामागे हे कारण आहे. सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या दुकानांत शोधून मिळेल. बोटाच्या स्पर्शाने सिलिंडरचा निमुळतेपणा ओळखणारा माणूस दुकानात मिळत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. घरी काय करता येते आणि काय बाहेर द्यावे, याची वाटणी प्रथम करावी. इंजिन उतरवणे, खोलणे, धुणे, मोजणे, जुळवणे व रंगवणे ही सर्व कामे घरच्या शेडमध्ये होतात. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड प्लेन करणे, व्हॉल्व्ह सीट बसवणे ही यंत्रावरची कामे बाहेर द्यावीत. शंभर किलोंच्या घरातील इंजिन उचलण्यास चेनकप्पी लागते. ती भाड्याने मिळते, पण ती ज्या तुळईला टांगायची ती तुळई आधी तपासावी. पत्र्याच्या शेडचा पाइप या भारासाठी बसवलेला नसतो.

खोलताना घाई हीच सर्वांत महाग पडते. प्रत्येक पुशरॉड, प्रत्येक टॅपेट, प्रत्येक बेअरिंगची टोपी ज्या जागेवरून निघाली त्याच जागी परत गेली पाहिजे, कारण वर्षानुवर्षे ते भाग एकमेकांच्या अंगाने झिजलेले असतात. किराणा दुकानातील पारदर्शक पिशव्या, पक्क्या शाईचे पेन आणि एक वही एवढे साहित्य पुरते. व्यापारी घरात वहीची सवय शिकवावी लागत नाही, ही यातली मोठी सोय. वहीत डाव्या पानावर ‘निघाले’ आणि उजव्या पानावर ‘मोजले’ असे दोन रकाने ठेवावेत.

धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल चालते. येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. लोखंडी भाग कॉस्टिक सोड्यात उकळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ॲल्युमिनियमचे हेड चुकूनही त्यात घालू नये. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि तासाभरात हेड कायमचे निकामी होते. दुसरी गोष्ट काळ्या तेलाची. वापरलेले इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा समजले जाते. ते गटारात ओतले, तर वालधुनीत आणि तिथून उल्हास नदीत जाते, आणि त्या नद्यांवर आधीच पुरेसे ओझे आहे. डब्यात भरून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचवावे.

यानंतर येते मोजमाप. या संपूर्ण कामाचा जीव येथे आहे, परंतु बहुतेक घरी याच ठिकाणी कंटाळा केला जातो. ‘हाफ इंजिन करून टाका’ असे सांगून गॅरेजमधून रिंगा व बेअरिंगे बदलून आणणे सोपे असते. सिलिंडर किती झिजला, हे मोजल्याशिवाय नव्या रिंगा घालणे म्हणजे खातेदाराची पत न पाहता कर्ज मंजूर करणे. सिलिंडर वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग उलट फिरते, तिथे सर्वाधिक झिजतो. खाली तो जवळजवळ मूळ मापाचा असतो. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये व खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी दोन काटकोनी दिशांनी, अशी सहा मापे घ्यावीत. चार सिलिंडरांची चोवीस मापे होतात. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. माणसाचा केस साधारण सात-आठ शतांशांइतका जाड असतो, यावरून या मापांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी.

बोअरिंगविषयी एक गैरसमज घरोघर आढळतो, तो असा की, सिलिंडर मोठा केला की ताकद वाढते. हिशेब करून पाहू. ६८ च्या जागी ६९ मिलिमीटरचा पिस्टन घातला, तर एकूण घनफळ १०८९ वरून ११२१ च्या आसपास जाते, म्हणजे जेमतेम तीन टक्के वाढ. एवढ्यासाठी पूर्ण एक मिलिमीटर बीड कापून टाकणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ब्लॉकच्या भिंतीची जाडी हे या इंजिनाचे भांडवल होय. प्रत्येक बोअरिंगमध्ये ते थोडे खर्च होते आणि पुन्हा जमा होत नाही. म्हणून झीज निघण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढ्याच टप्प्याचा ओव्हरसाइज पिस्टन निवडावा, आणि पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नये. पिस्टन मोजून त्याप्रमाणे भोक पाडायचे असते. भोक पाडून त्यात बसेल असा पिस्टन शोधत फिरण्याची पाळी अनेकांवर येते.

खरी ताकद कुठून मिळते? वर उल्लेखिलेल्या इटालियन मंडळींनी ती हवेच्या वाटेतून आणि दाबातून मिळवली. दाबाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एका सिलिंडरचे घनफळ २७२ धरले आणि दाबाचे प्रमाण साडेसातास एक असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ४२ घनसेंटिमीटर असते. तेच प्रमाण साडेआठास एक करायचे, तर ती जागा ३६ च्या थोडी वर आणावी लागते. फरक सहा घनसेंटिमीटरांहून कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून किंचित जास्त! एवढ्याशा फरकाने इंजिनाचा स्वभाव बदलतो, आणि चारही सिलिंडरांत ही जागा सारखी नसेल तर इंजिन लंगडत चालते. ती मोजण्याची पद्धत घरगुती आहे. हेड उलटे ठेवून स्पार्क प्लग व व्हॉल्व्ह बसवावेत, त्यावर मध्ये भोक असलेली जाड काच ग्रीस लावून चिकटवावी आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने पातळ तेल भरत जावे. किती भरले, ते वहीत लिहावे. चारही आकडे जुळेपर्यंत मोठ्या कोठ्या तशाच ठेवून लहान कोठ्या किंचित घासाव्या लागतात, आणि मगच हेड प्लेन करण्यास द्यावे. हेड किती प्लेन करायचे याला मर्यादा आहे. फार कापले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो, आणि कापलेले ॲल्युमिनियम पुन्हा चिकटत नाही.

दुसरे काम वजनाचे आहे, आणि त्यासाठी सराफी पेढीवरील काटा उत्तम. चार पिस्टन, चार पिना आणि चार कनेक्टिंग रॉड यांची वजने सारखी करावी लागतात. का, ते आकड्यांत पाहावे. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते, तेव्हा ते सेकंदाला १०० फेरे असतात. पिस्टन सरासरी सेकंदाला १५ मीटर वेगाने धावतो, परंतु प्रत्येक फेऱ्यात दोनदा संपूर्ण थांबतो आणि उलट निघतो. त्या वळणाच्या क्षणी त्याच्यावरील ताण गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजार पटींहून अधिक असतो. एका पिस्टनचे वजन इतरांपेक्षा केवळ १० ग्रॅम जास्त असेल, तर तो फरक तिथे १५ किलोंहून जास्त वजनासारखा खेचतो, सेकंदाला शंभर वेळा. क्रँकशाफ्ट तीनच मेन बेअरिंगांवर उभी असलेल्या इंजिनात हा मार फार काळ सोसला जात नाही. म्हणून सर्वांत हलका पिस्टन आधार मानून बाकीच्यांच्या आतील जाड भागातून किंचित धातू काढावा. एक-दोन ग्रॅमच्या आत चारही आले की पुरे. वेगाचा आणखी एक नियम लक्षात ठेवावा: ४८०० फेऱ्यांच्या जागी ६००० केले, तर वेग चौथ्या हिश्शाने वाढतो, ताण मात्र दीडपटीहून अधिक होतो. मुलाच्या उत्साहाला आवर घालण्यासाठी हा एक आकडा वडिलांना पुरेसा आहे.

क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगहून परतली की तिची तेलाची भोके तारेने आणि रॉकेलने स्वच्छ धुवावीत. ग्राइंडिंगची बारीक वाळू त्यांत अडकून राहते आणि नवी बेअरिंगे पहिल्याच दिवशी ओरखडते. बेअरिंग व जर्नल यांच्यातील फट साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असावी. ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०५ मिलिमीटर. रिंगा बसवण्यापूर्वी प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. या मापाच्या सिलिंडरला पाव मिलिमीटरच्या आसपास ती योग्य. कमी असेल तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

व्हॉल्व्ह हाताने घासण्याचे काम घरातील कुणालाही करता येते. पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर दोन्ही दिशांनी फिरवत राहावे, करडा एकसंध पट्टा उमटला की थांबावे. मग कोठीत रॉकेल ओतून रात्रभर ठेवावे. सकाळी खालच्या बाजूला ओल दिसली नाही, तर काम झाले. सीट जुन्या असतील तर कठीण धातूच्या नव्या बसवून घ्याव्यात. शिसे असलेले पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले, आणि त्या शिशाचा थर जुन्या सीटना जपत असे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. ते जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा फुगवते आणि कार्ब्युरेटरमध्ये ओल धरते. इंजिनाबरोबर हे सर्व रबरही बदलावे, अन्यथा उत्तम बांधलेले इंजिन पंधरा रुपयांच्या नळीपायी पेट घेऊ शकते.

चातुर्मासात इंजिनाचे काम काढू नये, असे शहाडसारख्या ठिकाणी म्हणता येईल. त्यामागे धर्म नाही, हवेतील ओल आहे. होनिंग केलेला उघडा सिलिंडर पावसाळी रात्री तेलाविना राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस गंज दिसतो. पुराची गोष्ट वेगळीच. २६ जुलै २००५ आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये कल्याण-बदलापूर पट्ट्यात पाणी चढले, तेव्हा अनेकांनी पाणी ओसरताच किल्ली फिरवली. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बुडालेली मोटार प्रथम प्लग काढून, हाताने फिरवून, पाणी बाहेर काढल्याखेरीज सुरू करूच नये.

रंगरंगोटीविषयी थोडक्यात. ब्लॉकला उष्णता सोसणारा एनॅमल, हेड नैसर्गिक ॲल्युमिनियमच्या रंगात, रॉकर कव्हर पॉलिश करून. गॅस्केटच्या बसण्याच्या जागांवर रंग लागता कामा नये. चकाकीसाठी सगळीकडे क्रोम चढवण्याची हौस काहींना असते. ते लग्नाच्या घोड्यावरील झूल झाली, यंत्राला तिची गरज नाही.

आता कागदपत्रे, कारण व्यापारी घरातील अडचणी बहुधा कागदावरच निघतात. पुष्कळ मोटारी अजून आजोबांच्या नावे आहेत. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे नोंद करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. भावंडांची संमती घेऊन ते काम इंजिनाला हात लावण्यापूर्वी उरकावे. लाखभर खर्च केल्यानंतर मोटार कुणाची, हा प्रश्न निघाला तर तो नुसत्या मोटारीचा राहत नाही. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीची नोंदणी तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत होते. १ एप्रिल २०२२ रोजी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले होते. विम्यात पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे मूल्य कंपनी व विमाधारक यांच्या संमतीने ठरते. म्हणून खर्चाची प्रत्येक पावती आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र जपून ठेवावे. हवे ते मूल्य मागण्यास आधार तोच.

सर्वांत महत्त्वाची बाब २०२१ च्या नियमांची. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या बिगर-व्यावसायिक मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद व वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंद दहा वर्षे चालते. अशी मोटार रोजच्या वापरात आणता येत नाही. १९७४ च्या पहिल्यावहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. परंतु अट अशी की, चासी, बॉडी अथवा इंजिन यांत मूलभूत फेरफार झालेला नसावा. शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना एरवीही मनाई करते. म्हणजे, झिजलेले इंजिन मूळ मापांच्या मर्यादेत दुरुस्त करणे एक गोष्ट झाली, आणि त्याच्या जागी दुसरेच इंजिन बसवणे किंवा ब्लॉकचे स्वरूप बदलणे दुसरी. पहिल्या प्रकारात घराण्याची वस्तू टिकते, दुसऱ्यात ती कागदावरून नाहीशी होते.

यावरून कामाची एक साधी दिशा ठरते. जे बदल पाना फिरवून परत काढता येतात, ते करण्यास फारसे भ्यावे लागत नाही: दुहेरी कार्ब्युरेटर, त्याचा मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट, फार तर कॅमशाफ्ट. त्यांतही मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावेत. व्हिंटेज नोंदीसाठी अर्ज करायचा असेल, तर ते आधी परत बसवावेत. जे बदल धातू कापून होतात, ते मात्र झिजेच्या दुरुस्तीपुरतेच करावेत. क्रमांक कोरलेला मूळ ब्लॉक कितीही गंजलेला असला, तरी भंगारात घालू नये. बोअर संपला असेल तर स्लीव्ह घालून तो पुन्हा मूळ मापाला आणता येतो. स्लीव्हला खर्च येतो खरा, पण क्रमांकासह ब्लॉक राहतो.

जुळणी पूर्ण झाली की हेडचे नट मध्यभागातून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत. कल्याणच्या काही जुन्या मिस्त्रींना टॉर्क पाना अपमानास्पद वाटतो. त्यांच्या मनगटाचा मान राखून, त्यांच्यानंतर एकदा पाना लावून पाहावा. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवावे, तेलाच्या दाबाची खूण मिळेपर्यंत. नवी कॅमशाफ्ट असेल तर सुरू होताच पहिली वीस मिनिटे मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे ठेवावेत, आळशी गतीवर सोडू नये, कारण कॅमवर तेल उडते ते वेगामुळे. तेल साधे खनिज व जस्तयुक्त असावे.

त्यानंतर रिंगा सिलिंडरला बसण्यासाठी रस्ता हवा. शहाडच्या उड्डाणपुलावरून मुरबाडच्या दिशेने पहाटे निघावे, गर्दी सुरू होण्यापूर्वी. वेग पन्नास-साठच्या पुढे नेऊ नये, पण एकाच वेगाने रेंगाळूही नये. चढावर थोडा भार द्यावा, उतारावर सोडावा, पुन्हा द्यावा. घरी आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेडचे नट पुन्हा तपासून टॅपेटची फट नव्याने लावावी. पहिले तेल पाचशे किलोमीटरच्या आतच बदलावे. ते काढताना खाली पांढरे फडके धरावे आणि त्यावर चमकणारे कण किती आहेत ते पाहावे. दुसऱ्या तेलबदलाच्या वेळी तेच फडके शेजारी ठेवून तुलना करावी, आणि दोन्ही तारखा वहीत लिहाव्यात.